आकड्याचा पाठलाग करावा, राखण करू नये

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये तीस संघ आहेत. मार्चअखेरीस हंगाम सुरू होतो आणि सप्टेंबर सरेपर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. पुढच्या फेरीत जातात फक्त बारा. त्यामुळे सप्टेंबरचा पहिला पंधरवडा उलटला की कितीतरी संघांचं त्या वर्षापुरतं सगळं आटोपलेलं असतं, पण सामने उरलेले असतात. रोज संध्याकाळी मैदानावरचे दिवे लागतात, लोक येऊन बसतात, नऊ इनिंग्ज खेळल्या जातात आणि निकालाने कुणाचंच काही बनत-बिघडत नाही. तरी लोक येतात. कारण कुणाचे एकोणचाळीस होम रन, म्हणजे थेट मैदानाबाहेर मारलेले फटके, झालेले असतात, कुणा पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, एकोणिसावा विजय नोंदलेला असतो, कुणाची सरासरी .३००च्या अलीकडे-पलीकडे झुलत असते.

मग दरवर्षी ठरलेली टीका सुरू होते. संघ तळाला गेलाय आणि हा स्वतःचे आकडे वाढवत बसलाय. सांघिक खेळात ही व्यक्तिपूजा कशाला. तरुण पोरांना संधी द्यायची सोडून म्हाताऱ्याच्या विक्रमासाठी त्याला रोज का खेळवता? या टीकेत तथ्य अजिबात नाही असं नाही. पण ती दोष भलत्याच ठिकाणी शोधते. स्वतःच्या आकड्यामागे धावण्यात काही गैर नाही, बेसबॉलमध्ये तर मुळीच नाही. आकडा हाती आल्यावर तो जपण्यासाठी डगआउटमध्ये, म्हणजे संघाच्या बाकावर, जाऊन बसणं गैर आहे. समोरच्याचा विक्रम होऊ नये म्हणून त्याला खेळण्यासारखा चेंडूच न टाकणं गैर आहे. आणि पैसे वाचतात म्हणून खेळाडूला ऐन उंबरठ्यावरून माघारी पाठवणं त्याहूनही गैर आहे.

आपण क्रिकेटवर वाढलेली माणसं. नव्वदीत पोहोचलेला फलंदाज शतकासाठी षटकं खायला लागला की नुकसान कुणाचं होतंय हे आपल्याला सांगावं लागत नाही. तो जेवढे चेंडू खेळतो तेवढे दुसऱ्याच्या वाट्याचे कमी होतात. बेसबॉलमध्ये हे घडूच शकत नाही. नऊ बॅटर ठरलेल्या क्रमाने येतात आणि एकाची पाळी झाली की पुन्हा त्याचा नंबर लागायला बाकीचे आठ जण येऊन जावे लागतात. कितीही मोठा खेळाडू असो, त्याला पाळी वाढवून मिळत नाही आणि दुसऱ्याची घेताही येत नाही. रेंगाळून खेळण्यात काही फायदा नसतो. त्याने होम रन मारला तर धाव संघाच्या खात्यात जमा होते, हिट, म्हणजे बेस गाठून देणारा फटका, मारली तर संघाचा माणूस बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या टप्प्यावर, येतो. बॅटर स्वतःसाठी जे कमावतो ते जवळपास सगळं संघाच्याच कामी येतं.

जवळपास सगळं, कारण अपवाद आहेत. बेस चोरण्याचा, म्हणजे फटका नसताना पळून पुढचा बेस गाठण्याचा, आकडा गाठायचा म्हणून कुणी नको तेव्हा धावला आणि सापडला तर संघाचा एक आउट फुकट जातो. होम रनच्या हव्यासापोटी कुणी सुटणारे चेंडूही मारत सुटला तर तेही नुकसानच. पण अशी उदाहरणं मोजावी आणि दुसऱ्या पारड्यात लॉस एंजेलिस डॉजर्सच्या शोहेई ओतानीचा १९ सप्टेंबर २०२४ चा दिवस ठेवावा. एकाच हंगामात ५० होम रन आणि ५० चोरलेले बेस असं त्याआधी कुणालाच जमलं नव्हतं. त्या दिवशी मायामीत ओतानीने सहा पाळ्यांत सहा हिट मारल्या. त्यांत तीन होम रन होते. दोन बेस चोरले, दहा धावा आणल्या. डॉजर्स २०-४ ने जिंकले आणि त्याच विजयाने त्यांची पुढच्या फेरीतली जागा पक्की झाली. त्या संध्याकाळच्या खेळातला कुठला भाग स्वतःसाठी होता आणि कुठला संघासाठी, हे मला कुणी वेगळं करून दाखवावं.

तरीही संघाला ज्यातून काहीच मिळायचं नाही अशा सामन्यात माणूस आकड्यासाठी कसा खेळतो, हीच खरी कसोटी. त्यासाठी १९४१ मध्ये जावं लागतं.

बेसबॉलची सरासरी हजारात मोजतात. दहा पाळ्यांत तीन हिट, म्हणजे .३००, मिळवणारा उत्तम बॅटर समजला जातो. .४०० म्हणजे दहात चार. मेजर लीगच्या दोन विभागांत, म्हणजे अमेरिकन आणि नॅशनल लीगमध्ये, १९३० मध्ये बिल टेरीने .४०१ गाठल्यावर अकरा वर्षं ते कुणाला साधलं नव्हतं. बॉस्टन रेड सॉक्सचा तेवीस वर्षांचा टेड विल्यम्स १९४१ च्या सप्टेंबरात त्या रेषेवर उभा होता. त्याचा संघ दुसऱ्या क्रमांकावर होता, पण न्यूयॉर्क यांकीज इतके पुढे निघून गेले होते की शर्यत कधीच संपली होती. शेवटचे तीन सामने फिलाडेल्फियात होते, शनिवारी एक आणि रविवारी लागोपाठ दोन. शनिवारी विल्यम्सला चार पाळ्यांत एकच हिट मिळाली. रात्री हिशेब झाला तेव्हा ४४८ पाळ्यांत १७९ हिट, सरासरी .३९९५५. अधिकृत नोंदीत तीनच आकडे धरतात, म्हणजे पूर्णांकन केल्यावर ते .४००च झालं असतं. मॅनेजर जो क्रोनिनने त्याला सांगितलं की रविवारी नाही खेळलास तरी चालेल, आकडा तुझाच आहे.

विल्यम्स खेळायचं म्हणाला. त्या रात्री तो क्लबहाउस सांभाळणाऱ्या जॉनी ऑर्लँडोला बरोबर घेऊन फिलाडेल्फियाच्या रस्त्यांवर बराच वेळ चालत राहिला. दुसऱ्या दिवशी शाइब पार्कवर तो पहिल्या पाळीला उभा राहिला तेव्हा यजमान अॅथलेटिक्सचा कॅचर फ्रँकी हेज त्याला काय म्हणाला, हे विल्यम्सने पुढे स्वतःच सांगितलं आहे. आमच्या म्हाताऱ्या मॅनेजरने बजावलंय की तुझ्यासाठी कुणी ढील दिली तर त्याला बेसबॉलमधून हाकलून देईन. तुला शुभेच्छा आहेत, पण आम्ही तुला काहीही देणार नाही. हा म्हातारा मॅनेजर म्हणजे कॉनी मॅक. त्याचा संघ तळाला होता आणि त्या दिवशी त्याला मिळवण्यासारखं काही उरलं नव्हतं. या सगळ्या कथेत विल्यम्सइतकाच मला कॉनी मॅक महत्त्वाचा वाटतो. विक्रम करणाऱ्याला समोरच्याकडून एकच गोष्ट हक्काने मागता येते, ती म्हणजे पूर्ण ताकदीचा विरोध. मॅकने ती दिली.

पहिल्या सामन्यात विल्यम्सने पाच पाळ्यांत चार हिट मारल्या, त्यांतला एक होम रन. आता सरासरी .४०४ झाली होती. दुसऱ्या सामन्यात न उतरण्याचं पुन्हा एक सबळ कारण मिळालं होतं. तो उतरला, तीनात दोन हिट मारल्या आणि अंधारामुळे सामना आठ इनिंग्जवर थांबला. ४५६ मध्ये १८५, म्हणजे .४०६. त्यानंतर आजपर्यंत अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये कुणीही पूर्ण हंगामात .४०० गाठलेलं नाही. १९९४ मध्ये टोनी ग्विन .३९४ वर होता तेव्हा ऑगस्टमध्ये खेळाडूंचा संप झाला आणि हंगामच बुडाला.

लोक विल्यम्सची गोष्ट शौर्यकथा म्हणून सांगतात. मला त्यात शौर्यापेक्षा आकड्याबद्दलची समज दिसते. शनिवारी रात्री त्याच्याकडे .४०० होतं, पण ते गणिताने वर ढकललेलं होतं. रविवारी तो न खेळता तर पुस्तकात तोच आकडा छापला गेला असता आणि त्याच्या पुढे कायमचं एक 'पण' लागलं असतं.

बरोबर सत्तर वर्षांनी, तारीखही तीच, २८ सप्टेंबर, साल २०११. न्यूयॉर्क मेट्स हा माझा संघ, म्हणून हे लिहिताना बरं वाटत नाही. मेट्सच्या इतिहासात तोवर एकाही बॅटरने लीगमधली सर्वोच्च सरासरी मिळवली नव्हती. शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, होजे रेयेस त्या वर्षी ती मिळवायच्या बेतात होता आणि मिलवॉकीचा रायन ब्रॉन त्याच्या पाठोपाठ होता. शेवटचा दिवस, सिटी फील्डवर सिनसिनाटीशी सामना, मेट्स केव्हाच शर्यतीबाहेर. पहिल्याच इनिंगमध्ये रेयेसने तिसऱ्या बेसच्या बाजूला हलकेच बंट टाकला, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू नुसता ढकलला, वाऱ्यासारखा पळत पहिला बेस गाठला आणि हिट नोंदली गेली. तेवढ्यात त्याच्या जागी दुसरा धावपटू आला आणि रेयेस डगआउटकडे निघाला. सरासरी .३३७. तिकीट काढून आलेल्या लोकांच्या लक्षात यायला क्षणभर लागला आणि मग घरच्याच मैदानावर त्याची हुर्यो उडाली. मॅनेजर टेरी कॉलिन्स सामन्यानंतर पत्रकारांशी बोलताना डोळे पुसत होता. रात्री मिलवॉकीत ब्रॉनला चार पाळ्यांत एकही हिट मिळाली नाही. तो .३३२ वर थांबला.

म्हणजे रेयेस पूर्ण सामना खेळला असता तरी बहुधा जिंकलाच असता. चार पाळ्या आणखी खेळून चारही वाया गेल्या असत्या तरी तो ब्रॉनच्या वरच राहिला असता, हे नंतर दिसलं. त्याचा तो बंट गुन्हा नव्हता; बंट हा त्याच्या खेळाचाच भाग होता, त्याच्या पायांत ती ताकद होती. मला खुपतं ते बंटनंतरचं चालत जाणं. तो हंगामानंतर मेट्स सोडून जाणार अशी दाट शक्यता होती, आणि गेलाही. मेट्सच्या लोकांना त्याला आणखी तीन-चार वेळा बघायचं होतं. त्याच संध्याकाळी बाल्टिमोर, अटलांटा आणि टँपा बे इथे बेसबॉलच्या इतिहासातली एक विलक्षण रात्र घडत होती. टँपा बे सात धावांनी मागे पडून बाराव्या इनिंगमध्ये यांकीजना ८-७ हरवत होते, बॉस्टन आणि अटलांटा शेवटच्या क्षणी बाहेर फेकले जात होते. तिकडे माणसं जीव तोडून खेळत होती आणि इकडे आमचा सर्वांत चांगला खेळाडू पहिल्याच इनिंगनंतर बाकावर होता.

याचा अर्थ शेवटच्या दिवसांत बसणारा प्रत्येक जण पळपुटा, असं मी म्हणणार नाही. १९८६ मध्ये बॉस्टनचा वेड बॉग्ज शेवटचे काही सामने खेळला नाही आणि डॉन मॅटिंग्लीच्या वर राहून सरासरीचा मान घेऊन गेला. पण त्याचा हॅमस्ट्रिंग दुखावलेला होता आणि संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे पुढच्या फेरीत, पोहोचला होता. तिथे विश्रांतीला कारण होतं. रेयेसच्या बाबतीत दुसऱ्या दिवशी कुठलाच सामना नव्हता.

राखण करण्याची ही खोड जुनी आहे आणि ती बसणाऱ्यापाशीच थांबत नाही. १९१० मध्ये चाल्मर्स कंपनीने सर्वोत्तम सरासरीला मोटारगाडी लावली होती. टाय कॉब पुढे होता, म्हणून त्याने शेवटचे दोन सामने गाळले. कॉब प्रतिस्पर्ध्यांत अतिशय नावडता माणूस. शेवटच्या दिवशी सेंट लुइसमध्ये सरासरीतला त्याचा प्रतिस्पर्धी नॅप लाजवे खेळत होता आणि सेंट लुइसचा मॅनेजर जॅक ओ'कॉनर याने आपल्या नवख्या तिसऱ्या बेसमनला, रेड कॉरिडनला, खूप मागे उभं राहायला सांगितलं. लाजवेने त्या मोकळ्या जागेत बंटमागून बंट टाकले आणि दिवसभरात आठ हिट नोंदवल्या. चौकशी झाली. ओ'कॉनर आणि त्याचा सहकारी हॅरी हॉवेल यांची लीगमधून गच्छंती झाली, कॉबला विजेता ठरवलं गेलं, आणि कंपनीने गाडी दोघांनाही दिली. एकाने आकडा जपण्यासाठी खेळणं थांबवलं, म्हणून दुसऱ्याला तो भेट देण्याचा मोह इतरांना झाला.

भेटीचा विषय निघालाच आहे तर डेनी मॅक्लेनचंही सांगायला हवं. १९ सप्टेंबर १९६८. डेट्रॉइटने पहिला क्रमांक पक्का केलेला, मॅक्लेन मोठ्या आघाडीवर पिचिंग करत होता आणि समोर कारकिर्दीच्या अखेरीला आलेला मिकी मँटल. मँटलचे ५३४ होम रन झाले होते, जिमी फॉक्सइतकेच. मॅक्लेनने मँटलला हवा तिथे, हव्या त्या वेगाने चेंडू टाकला आणि मँटलने तो बाहेर भिरकावला. पुढचा बॅटर जो पेपिटोन याने मलाही तस्साच दे अशी खूण केली, तर त्याला अंगावर येणारा चेंडू मिळाला. ही गोष्ट अमेरिकेत प्रेमाने सांगतात आणि त्यातला जिव्हाळा मला समजतो. मँटलच्या गुडघ्यांनी काय सोसलं होतं हे समोरच्या पिचरलाही माहीत होतं. तरी मला तो ५३५वा पुरता आपलासा वाटत नाही. कॉनी मॅकने विल्यम्सला काही दिलं नाही, म्हणून .४०६ आज कुणी खरवडून पाहत नाही.

देण्याच्या उलट टोकाला अडवणं आहे, आणि ते सगळ्यांत वाईट. जपानमध्ये सादाहारू ओ याने १९६४ मध्ये ५५ होम रन मारले. १९८५ मध्ये हानशिन टायगर्सचा अमेरिकी खेळाडू रँडी बॅस ५४ वर पोहोचला. शेवटचे दोन सामने योमिउरी जायंट्सशी होते आणि जायंट्सचा मॅनेजर होता स्वतः ओ. जायंट्सच्या पिचरांनी बॅसला खेळण्याजोगे चेंडू जवळजवळ दिलेच नाहीत. वॉकवर वॉक देऊन, म्हणजे चार-चार चेंडू आवाक्याबाहेर टाकून, त्याला फुकट पहिल्या बेसवर पाठवत राहिले. ओ याने असा आदेश दिल्याचं नाकारलं. पण जायंट्समध्येच असलेल्या कीथ कॉमस्टॉक या अमेरिकी पिचरने पुढे सांगितलं की बॅसला स्ट्राइक, म्हणजे मारण्याजोगा चेंडू, टाकणाऱ्याला दर स्ट्राइकमागे हजार डॉलर दंड होईल, अशी तंबी एका प्रशिक्षकाने दिली होती. २००१ मध्ये टफी रोड्स ५५ वर असताना ओच्या हाताखालच्या दाइएई हॉक्सनी त्याच्याशी तसंच केलं आणि लीगच्या आयुक्तांना ते खिलाडूपणाला धरून नाही असं म्हणावं लागलं. पुढच्याच वर्षी अॅलेक्स काब्रेराही ५५ वर अडकला.

इथे भाऊसाहेब निंबाळकरांची आठवण होते. डिसेंबर १९४८, पुण्यात महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड असा रणजी सामना. निंबाळकर ४४३ वर नाबाद, डॉन ब्रॅडमनच्या ४५२ या तेव्हाच्या जागतिक विक्रमापासून नऊ धावा दूर. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या होत्या. काठियावाडच्या कर्णधाराने, राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, पुढे खेळायलाच नकार देऊन सामना सोडून दिला. निंबाळकरांच्या वाट्याला पुढे कसोटी सामनाही आला नाही. मला काठियावाडच्या खेळाडूंची दमछाक समजते. दोन दिवस उन्हात चेंडू गोळा करणं गंमत नव्हे. पण सामना गेल्यातच जमा होता, आणि आणखी दोन-तीन षटकं टाकण्याने त्यांचं जाणार काय होतं? त्यांना नामुष्की टाळायची होती. ज्याला आपण नामुष्की म्हणतो ती समोरच्याची करामत असते, हे मान्य करायला मन मोठं लागतं.

जपानला ते मन पुढे सापडलं, हेही सांगायला हवं. २०१३ मध्ये कुरासाओचा व्लादिमीर बालेंटीन याने ६० होम रन मारून ओला मागे टाकलं. २०२२ मध्ये मुनेताका मुराकामी १३ सप्टेंबरला ५५ वर पोहोचला, आणि तो ५५वा त्याने जायंट्सच्याच पिचरविरुद्ध मारला. मग वीस दिवस काही घडेना. पिचर त्याच्याशी खेळत होते, त्यालाच जमत नव्हतं. ३ ऑक्टोबरला हंगामातल्या त्याच्या अगदी शेवटच्या पाळीत ५६वा गेला. एक दिवसाने टेक्ससमध्ये अॅरन जजने ६२वा मारून अमेरिकन लीगचा एकसष्ट वर्षं जुना विक्रम मोडला. मुराकामीच्या त्या वीस दिवसांत मला जेवढं बेसबॉल दिसतं तेवढं कुठल्याही वॉकमध्ये दिसत नाही.

जजने मोडलेला विक्रम रॉजर मॅरिसचा. आकड्याच्या पाठलागाची खरी किंमत कुणी मोजली असेल तर मॅरिसने. १९६१ मध्ये तो बेब रूथच्या १९२७ मधल्या ६० होम रनच्या मागे होता. हंगाम त्याच वर्षी १५४ वरून १६२ सामन्यांचा झालेला. आयुक्त फोर्ड फ्रिक एकेकाळी रूथच्या नावाने छापून येणारे लेख लिहायचा. त्याने जुलैतच जाहीर केलं की विक्रम १५४ सामन्यांत झाला नाही तर त्याची नोंद वेगळी ठेवली जाईल. १५४ सामन्यांनंतर मॅरिस ५९ वर होता. ताणाने त्याचे केस गळत होते. १ ऑक्टोबरला, शेवटच्या दिवशी, त्याने ६१वा मारला तेव्हा यांकी स्टेडियममध्ये २३,१५४ माणसं होती, अर्धंही मैदान भरलं नव्हतं. १९८५ मध्ये तो वारला आणि ती वेगळी नोंद १९९१ मध्ये काढली गेली. मॅरिसने नियम मोडला नव्हता, तो लपूनही बसला नव्हता, कुणी त्याला काही भेट दिली नव्हती. तरी आयुष्यभर त्याला त्या आकड्याचा जाब द्यावा लागला. म्हणून पाठलाग करणाऱ्याला स्वार्थी म्हणणाऱ्यांबद्दल माझी भूमिका जरा कडक आहे.

गोल आकड्यांना अर्थ काय, असंही विचारलं जातं. ३,००० हिट आणि २,९८७ हिट यांत खेळाचा फरक शून्य. खरं आहे. सॅम राइस १९३४ मध्ये २,९८७ वर निवृत्त झाला, कारण तेव्हा तीन हजाराचं कुणाला एवढं अप्रूप नव्हतं. अल केलाइन ३९९ होम रनवर थांबला. माइक मुसिना २००८ मध्ये हंगामाच्या शेवटच्या दिवशी, संघ शर्यतीबाहेर असताना, बॉस्टनविरुद्ध सहा इनिंग्ज टाकून आयुष्यात पहिल्यांदाच एका वर्षात २० विजयांपर्यंत पोहोचला. वय एकोणचाळीस, कारकिर्दीचे विजय २७०. आणखी दोन-तीन वर्षं खेळून ३०० गाठण्याचा प्रयत्न करता आला असता. त्याने निवृत्ती घेतली. मला या तिघांचाही आदर वाटतो, पण त्यावरून आकडे निरर्थक ठरत नाहीत. रॉबर्टो क्लेमेंटेने ३० सप्टेंबर १९७२ ला पिट्सबर्गमध्ये आपली तीन हजारावी हिट मारली. वर्षाच्या शेवटच्या दिवशी निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाणारं त्याचं विमान कोसळलं आणि तो गेला. नियमित हंगामातल्या त्याच्या हिट तीन हजारच राहिल्या. ती हिट पुढच्या वर्षी मारू, असं म्हणून कुणी त्याला बसवलं असतं तर? गोल आकडा मनाने ठरवलेला असला तरी तो सगळ्यांनी मिळून ठरवलेला असतो, आणि निकालाला किंमत न उरलेल्या सामन्यात प्रत्येक चेंडूला तो किंमत देतो.

मर्यादा मी एकच मानतो, शरीराची. १० सप्टेंबर २०१६ ला मायामीत डॉजर्सच्या रिच हिलने सात इनिंग्ज एकालाही बेसवर येऊ दिलं नव्हतं. परफेक्ट गेमला सहा आउट हवे होते. मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्सने त्याला काढलं, कारण त्याच्या बोटावर फोडांचा जुना त्रास होता आणि पुढे प्लेऑफ होता. हिल डगआउटमध्ये बॅट आपटत होता. मला वाटतं रॉबर्ट्स बरोबर होता. पिचरचा हात ही परत न मिळणारी गोष्ट आहे.

राहिला मालकांचा भाग, आणि त्याबद्दल चर्चा सगळ्यांत कमी होते. मेजर लीगमध्ये होम रन किंवा सरासरीवर बोनस लावायला नियमाने बंदी आहे. हेतू चांगला आहे, पैशासाठी कुणी आकड्यामागे लागू नये. मग बोनस लागतात ते पाळ्यांवर, सामन्यांवर, पिचरच्या इनिंग्जवर. पण पाळी मिळणं खेळाडूच्या हातात नसतं, मॅनेजर खेळवेल तर मिळते. २०२४ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सच्या राउडी टेलेझच्या करारात ४२५ पाळ्या झाल्या की दोन लाख डॉलर असं कलम होतं. २४ सप्टेंबरला, हंगामाला आठवडाही उरला नसताना, संघाने त्याला काढून टाकलं. पाळ्या झाल्या होत्या ४२१. बोनस हे कारण नव्हतं असं संघाने सांगितलं. टेलेझची बॅट त्या महिन्यात चालत नव्हती हेही खरं आहे, आणि संघाच्या मनात काय होतं ते मला ठरवायचं नाही. पण करारच असा लिहिला होता की चार पाळ्यांचा प्रश्न दोन लाखांचा झाला. संघ प्रामाणिक असला तरी अशा कलमाने तो संशयाच्या जागी उभा राहतो. खेळाडू स्वार्थी म्हणून ओरडणाऱ्यांनी या प्रकाराला काय म्हणायचं ते सांगावं.

यावर उपाय अवघड नाही. बेसबॉलने असा हिशेब दुसरीकडे केलेलाच आहे. सरासरीच्या मानासाठी ५०२ पाळ्या लागतात. १९९६ मध्ये टोनी ग्विनच्या ४९८ भरल्या. नियमाप्रमाणे उरलेल्या चार पाळ्या हिट न मिळालेल्या म्हणून धरल्या, त्याची सरासरी .३५३ वरून .३४९ झाली आणि तरीही तो सगळ्यांच्या वर राहिला, म्हणून मान त्याला मिळाला. उंबरठ्याच्या अलीकडे राहिला म्हणून तो शून्यावर आला नाही. बोनसलाही हाच न्याय लावता येईल. एका टप्प्यावर एकदम दोन लाख देण्याऐवजी दर पाळीमागे ठरलेली रक्कम द्यावी. टेलेझच्या बाबतीत ४२१ पाळ्यांचे साधारण एक लाख अठ्ठ्याण्णव हजार डॉलर झाले असते आणि त्याला काढायचं की ठेवायचं हा निर्णय निव्वळ खेळावरून घेता आला असता.

मालक आणि खेळाडू संघटना यांच्यातला सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. वाटाघाटीत पगाराच्या कमाल मर्यादेसारखे मोठे विषय असतील आणि त्यात हे कलम कुणाच्या लक्षात राहणार नाही अशी मला भीती आहे. संघटनेने ते स्वतःहून मांडायला हवं. प्रत्येक सामन्यातल्या प्रत्येक पाळीची नोंद लीग आधीपासूनच ठेवते. त्या नोंदीप्रमाणे पैसे द्यायला नवी कसलीही यंत्रणा उभारावी लागणार नाही.